सोलापुरी चादर, स्क्रॅच आणि गेमिंग: कोड न लिहिता प्रोग्रॅमिंग करायचे दिवस राहणार की जाणार?

सोलापुरी चादर नाही असं महाराष्ट्रातलं घर सापडणं अवघड. कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेली असते, एसटीच्या प्रवासात सोबत असते, पाहुणे आले की कपाटातून बाहेर निघते. तिच्यावर मोर असतो, फुलं असतात, चौकटीची नक्षी असते. आणि ही नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. मग मागाला कसं कळतं की मोराची मान कुठं संपते आणि पिसारा कुठं सुरू होतो?

खरं सांगायचं तर मागाला मोर वगैरे काही कळत नाही. त्याला एका वेळी फक्त एक ओळ कळते. या ओळीत कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, एवढंच.

ही ओळ त्याला सांगितली जाते पुठ्ठ्याच्या कार्डावर. आधी डिझाईन करणारा माणूस ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून मोर काढतो. एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथं एकमेकांना छेदतात ती जागा. मग त्या ग्राफवरच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक कार्ड तयार होतं. रंगवलेल्या चौकोनाच्या जागी भोक, बाकी ठिकाणी कोरा पुठ्ठा. मागावर हे कार्ड सुयांच्या रांगेवर दाबलं जातं. भोक असेल तिथली सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा जातो, की पुढचं कार्ड.

कार्डं एकमेकांना शिवून त्यांची माळ केलेली असते. शेवटचं कार्ड संपलं की पुन्हा पहिलं येतं, म्हणून चादरभर तोच मोर परत परत येतो.

आता शाळेत कॉम्प्युटर शिकलेल्या कुठल्याही मुलाला हे ओळखीचं वाटेल. भोक म्हणजे १, कोरं म्हणजे ०. कार्डांची माळ म्हणजे लूप. आणि हे सगळं करणाऱ्या माणसाने 'कोड' नावाचं काही लिहिलेलं नाही, त्यानं फक्त चित्र काढलंय.

फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं, म्हणून आपल्याकडेही चादरीला 'जेकार्ड चादर' म्हणतात. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणिती यंत्राचा आराखडा केला, तेव्हा कार्डांची कल्पना त्याने थेट या मागावरून उचलली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्राबद्दल लिहिताना त्याची तुलना फुलं-पानं विणणाऱ्या जेकार्ड मागाशीच केली होती. म्हणजे कॉम्प्युटरच्या जन्माची गोष्ट सांगताना विणकराला टाळता येत नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी ज्या शहरात माग रुजवले आणि ज्याच्या चादरीला महाराष्ट्रात अगदी सुरुवातीला जीआय मानांकन मिळालं, त्या सोलापूरला तर नाहीच नाही.

फक्त एक गोष्ट या मागाकडे नव्हती. 'जर असं झालं, तर तसं कर.' धागा तुटला तर थांब, हे माणसाला बघावं लागायचं. माळेवर जे आहे तेच विणलं जायचं. आणि गेम सुरू होतो तो नेमका या 'जर-तर'पासून.

शेंगा पकडायचा गेम

ग्राफिकल प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा एक गेम करून पटकन कळतं. सोलापूरचाच घेऊ. आकाशातून शेंगा पडतायत आणि खाली परात आहे. परात डावी-उजवीकडे हलवून शेंगा पकडायच्या. जितक्या पकडाल तितकी चटणी.

स्क्रॅच नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा गेम पंधरा-वीस ब्लॉकमध्ये होतो. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आज त्याचे १० कोटींहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत. यात टाईप करायचं जवळपास काहीच नसतं. रंगीत ठोकळे असतात, ते माऊसने ओढून एकमेकांत अडकवायचे.

शेंगेसाठी पहिला ठोकळा: हिरवा झेंडा दाबला की सुरू हो. त्याखाली: स्क्रीनच्या वरच्या टोकाला, आडव्या दिशेने कुठंही जा. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० चा असतो आणि त्याचा मध्यबिंदू शून्य. म्हणजे क्ष उणे २४० ते २४०, य उणे १८० ते १८०. नववीच्या भूमितीत निर्देशक शिकताना 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या मुलाला इथं उत्तर मिळतं. मग एक 'कायम करत राहा' असा ठोकळा. त्याच्या पोटात: य मधून ५ कमी कर. झाली, शेंग पडायला लागली. त्याच पोटात आणखी एक ठोकळा: जर परातीला लागलीस, तर गुण एकने वाढव.

इथं पहिला गोंधळ होतो आणि तोच सगळ्यात भारी असतो. शेंग एक पकडली, पण गुण आठ-दहा वाढले! मुलं आधी खूश होतात, मग चक्रावतात. कारण काय? 'कायम करत राहा' हा ठोकळा सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो. परात ४० एककं उंच असेल आणि शेंग दर फेरीला ५ एककं खाली येत असेल, तर ती परातीतून जाताना निदान आठ वेळा तिला 'लागते'. प्रत्येक वेळी एक गुण. उपाय सोपा आहे: गुण वाढवला की लगेच शेंगेला परत वर पाठवायचं. पण तो उपाय ज्या मुलानं स्वतः शोधला, त्याला प्रोग्रॅमिंग म्हणजे काय ते कळलं. पुढं तो पायथनमध्ये लिहो की सी++ मध्ये, ही चूक तिथंही अशीच भेटणार आहे.

ठोकळ्यांची खरी करामत त्यांच्या आकारात असते. 'जर' च्या पुढची खाच षटकोनी असते, तिथं फक्त खरं-खोटं सांगणारा षटकोनी ठोकळाच बसतो. जिथं आकडा हवा तिथली खाच गोल असते. त्यामुळं अर्धविराम विसरला, कंस बंद करायचा राहिला, म्हणून अख्खा प्रोग्रॅम अडून बसला, असं इथं होत नाही. चुका होतात, पण त्या विचारांच्या होतात, शुद्धलेखनाच्या नाही.

दुसरी करामत भाषेची. ठोकळ्यावरचं नाव ही नुसती पाटी असते, त्यामुळं ती बदलता येते. स्क्रॅच ७० हून अधिक भाषांमध्ये आहे आणि एका भाषेत केलेला गेम दुसऱ्या भाषेत उघडला की ठोकळे आपोआप त्या भाषेत दिसतात. ज्या जिल्ह्यात घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी असा प्रकार असतो, तिथं ही गोष्ट लहान नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेव्हा त्यामागेही हाच मुद्दा होता. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक वेगळ्या भाषेत. त्या कामासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि १० लाख डॉलरच्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना दिला.

मोठ्या गेममध्ये हे चालतं का?

'ठोकळे लहान मुलांचे, खरे गेम कोडवर बनतात' असं इंजिनिअरिंगच्या कॉलेजात हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धवट खरं आहे.

२०१७ मध्ये आलेला 'हॉलो नाइट' हा गेम घ्या. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी नावाच्या छोट्याशा टीमने केलेला आणि जगभर गाजलेला. त्यातल्या शत्रूंचं वागणं, म्हणजे कधी चालून यायचं, कधी मागे हटायचं, हे युनिटी इंजिनमधल्या 'प्लेमेकर' नावाच्या चित्रमय साधनाने बांधलं होतं. २०१५ चा 'अंडरटेल' गेममेकरमध्ये झाला. हे गेममेकर १९९९ मध्ये मार्क ओव्हरमार्स यांनी आणलं तेच मुळी ओढा-सोडा पद्धतीचं साधन म्हणून, अर्थात कोड लिहायची सोयही त्यात आहे.

आणि सगळ्यात मोठं नाव म्हणजे अनरिअल इंजिन. २०१४ मध्ये अनरिअल ४ सोबत 'ब्लूप्रिंट' आलं. यात ठोकळे एकाखाली एक बसत नाहीत. चौकटी असतात, त्यांना नोड म्हणतात, आणि त्या वायरींनी जोडायच्या. दाराजवळ खेळाडू आला, या चौकटीतून वायर निघते, दार उघड या चौकटीत जाते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मध्ये आलेला 'राजी' हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला गेम याच अनरिअल इंजिनवर बनला. स्पर्धक युनिटीनं २०२० मध्ये 'बोल्ट' नावाचं असंच साधन विकत घेतलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं.

कंपन्या हे प्रेमापोटी करत नाहीत. गेमच्या टीममध्ये प्रोग्रॅमर थोडे असतात, चित्रकार आणि डिझायनर जास्त. उडी थोडी उंच हवी, शत्रू दोन सेकंद उशिरा यायला हवा, अशा प्रत्येक बदलासाठी डिझायनरला प्रोग्रॅमरच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागलं तर गेम कधीच संपणार नाही. ब्लूप्रिंटमध्ये तो स्वतः आकडा बदलतो, प्ले दाबतो, बघतो.

मग अडतं कुठं?

अडतं ते आकार वाढला की. दहा चौकटी असल्या तर चित्र कोडपेक्षा लवकर कळतं. पाचशे चौकटी झाल्या की वायरींचा असा गुंता होतो की विणकराच्या घरात मांजरानं सुताचे बॉबिन खेळून ठेवल्यासारखं दिसतं. जगभरचे प्रोग्रॅमर याला स्पॅगेटी म्हणतात.

दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही, पण कंपनीत रोज छळते. लिहिलेला कोड म्हणजे साधा मजकूर. दोघांनी एकाच फाईलमध्ये बदल केले तर कोणती ओळ कुणी बदलली हे गिटसारखं साधन लगेच दाखवतं आणि दोन्ही बदल जुळवून देतं. ब्लूप्रिंट साठवलं जातं बायनरी फाईलमध्ये. तिथं असं जुळवणं फार त्रासाचं, त्यामुळं एक जण काम करत असेल तर दुसऱ्याने थांबायचं. वेगाचाही प्रश्न आहे. एका फ्रेममध्ये हजारो वेळा करायचं गणित ब्लूप्रिंटमध्ये सी++ पेक्षा बरंच हळू चालतं. म्हणून अनुभवी टीम अवजड भाग सी++ मध्ये लिहितात आणि वरचा, रोज बदलणारा भाग ब्लूप्रिंटमध्ये ठेवतात.

या अडचणींमुळे काहींनी माघारही घेतलीय. गोडो हे मोफत, मुक्त-स्रोत गेम इंजिन. त्यात २०१८ पासून व्हिज्युअलस्क्रिप्ट नावाची चित्रमय भाषा होती. २०२२ मध्ये टीमने जाहीर केलं की ती वापरणारे फारच थोडे आहेत, आणि २०२३ च्या गोडो ४ मधून ती काढून टाकली. त्याच वर्षी अनरिअलच्या एपिक कंपनीने फोर्टनाईटमध्ये गेम बनवणाऱ्यांसाठी 'व्हर्स' ही नवी भाषा आणली. ब्लूप्रिंट जगभर पोचवणाऱ्या कंपनीची नवी भाषा कशी आहे? लिहायची.

पण गोडोच्या उदाहरणावरून 'चित्रमय प्रोग्रॅमिंग मेलं' म्हणणं घाईचं ठरेल. तिथली चित्रमय भाषा ही लिहायच्या कोडचंच चौकटीतलं रूप होती. तेच काम, फक्त जास्त क्लिक करून. तसं असेल तर कोण कशाला वापरेल? जिथं मूळ गोष्टच चित्रासारखी असते तिथं चौकटी आणि वायरी टिकून आहेत, वाढतायत. पाण्यावरची चमक कशी दिसावी हे ठरवणारे शेडर, पात्र चालता चालता धावायला कधी लागेल हे ठरवणारे ॲनिमेशनचे आराखडे, पात्रांच्या संवादांच्या फांद्या. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरने तर २०२१ मध्ये आकार घडवण्यासाठी खास नोडची नवी पद्धत आणली आणि ती लोकांनी उचलून धरली.

आता एआय आलंय, मग?

हा प्रश्न आज सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि योग्यच आहे. चित्रमय भाषांचं मुख्य आश्वासन होतं: कोड लिहिता येत नसला तरी गेम बनवा. आता तेच आश्वासन चॅटबॉट देतोय. 'शेंगा पकडायचा गेम करून दे' असं मराठीत लिहिलं तरी काही सेकंदांत चालणारा कोड समोर येतो. २०२५ च्या सुरुवातीला आंद्रे कार्पथी यांनी याला 'व्हाइब कोडिंग' असं नावही देऊन टाकलं. शिवाय ही मॉडेल्स शिकली आहेत ती मजकुरावर. इंटरनेटवर लिहिलेल्या कोडचा डोंगर आहे, ब्लूप्रिंटच्या वायरींचा नाही. त्यामुळं एआयचा ओढा साहजिकच लिहायच्या भाषांकडे आहे.

मात्र लिहून मिळालेला कोड कुणाला तरी वाचावा लागतो. शेंग एक आणि गुण दहा, हा घोटाळा एआयच्या कोडमध्येही असू शकतो. तो कुठं आहे हे ज्याला दिसत नाही, तो चॅटबॉटला पुन्हा पुन्हा 'नीट कर' एवढंच सांगत बसतो. त्यामुळं लिहिण्याची मेहनत कमी झाली की तपासण्याची किंमत वाढते, आणि छोटं लॉजिक तपासायला चित्रासारखं सोपं काही नाही. पुढच्या काळात चौकटी आणि वायरी 'लिहायचं' साधन म्हणून कमी आणि 'एआयने काय केलंय ते बघायचं' साधन म्हणून जास्त दिसल्या, तर आश्चर्य वाटायला नको.

सोलापूरच्या मागांकडे पुन्हा बघा. इलेक्ट्रॉनिक जेकार्डला पुठ्ठ्याची कार्डं लागत नाहीत, कॉम्प्युटरवरचं डिझाईन थेट मागाकडे जातं. कार्डाला भोकं पाडण्याचं आणि ती शिवण्याचं काम तिथं उरत नाही. कौशल्याचं होतं, त्यावर लोकांची पोटं होती, तरी उरत नाही. पण एकाच डिझाईनमध्ये धागा किती लांब मोकळा राहिला तर तो अडकून तुटेल, हे माहीत असणारा माणूस आजही लागतो. सॉफ्टवेअर त्याला मोर काढून देईल, तो मोर विणला जाईल का, हे तोच सांगेल.

पालकांनी काय करायचं?

'गेम' म्हटलं की सोलापुरातल्या पालकांच्या डोळ्यांसमोर आधी रमीच्या जाहिराती येतात. पैशांच्या ऑनलाईन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, पण तो वेगळा विषय. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साध्या गेमना प्रोत्साहन द्यायची भाषा केलीय. गेम बनवणं हा वेगळा धंदा आहे आणि तो सध्या तरी मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळुरूत आहे. म्हणजे सोलापूरच्या मुलासाठी पुन्हा हुतात्मा एक्सप्रेसच.

दुसरी भीती महागड्या क्लासची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लहान मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातींचा पूर आला होता. कोवळ्या वयात ॲप बनवून करोडपती, असा एकूण सूर. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या सांगण्यावरून काही जाहिराती मागेही घ्याव्या लागल्या. ज्या ब्लॉक कोडिंगसाठी तिथं हजारो रुपये घेतले जात होते, ती साधनं मोफतच होती आणि आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे, सीबीएसईने २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी अभ्यासक्रमही आणला. आयआयटी मुंबईच्या 'कॉम्प्युटर मस्ती' या शालेय पुस्तकमालेत तर त्याच्या बरीच वर्षं आधी स्क्रॅच होतं.

खरी अडचण मशीनची. अनरिअलसाठी ताकदवान ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो, त्याच्या किमतीत दोन जुने यंत्रमाग येतील. पण शिकण्याची सुरुवात तिथून करायची गरजच नाही. स्क्रॅच जुन्या लॅपटॉपवर चालतं, एकदा डाऊनलोड केलं की इंटरनेटशिवायही चालतं. घरात फक्त अँड्रॉइड फोन असेल तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेलं 'पॉकेट कोड' हे मोफत ॲप आहे, त्यात फोनवरच ठोकळे जोडून गेम करता येतो. थोडं मोठं झाल्यावर गोडो किंवा जीडेव्हलप. आणि ठोकळ्यांवर वर्ष-दोन वर्षांपेक्षा जास्त रेंगाळू नये. बारावीनंतरही मूल फक्त स्क्रॅचच करत असेल, तर ते सायकलची मागची आधाराची चाकं न काढण्यासारखं आहे.

शेंगांचा गेम करून बघायचा असेल तर स्क्रॅचच्या साईटवर खातं उघडण्याचीही गरज नाही, 'क्रिएट' दाबलं की पडदा समोर येतो. तिथं दुसऱ्यांनी केलेले गेमही आहेत, आणि 'सी इनसाइड' दाबलं की त्यांच्या आतले सगळे ठोकळे दिसतात, ते उचलून बदलताही येतात. पहिल्या दिवशी परात बाणांच्या बटणांनी डावी-उजवीकडे हलली तरी पुरे. शेंगा दुसऱ्या दिवशी.